उरकुडेभाऊंची फाईल

खैरगाव फाट्यावर माझं दुकान.
झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, सातबारा.
बायोडाटा म्हटलं की मी आधी विचारते,
नोकरीचा की लग्नाचा?
वय दोन्हीत लपवतात लोक.

पुंडलिक उरकुडे, जिनिंगमधले फिटर,
दरवर्षी तान्ह्या पोळ्याला येत.
बगलेत नातवाचा लाकडी नंदी,
मागे नातू, मुठीत बोजाऱ्याचे पैसे.
'काढा बाई माही फाईल.'
चष्मा कपाळावर सरकवून बसत
आणि वर्षाची एक ओळ वाढवत.
एका वर्षी: प्रेसचं सील स्वतः बदललं.
एका वर्षी: बारा डबल रोलर बसवताना हजर.
एका वर्षी काहीच नव्हतं.
बराच वेळ पडद्याकडे पाहून म्हणाले,
'फोन नंबर बदलला. तेवढा करा.'

पानठेल्यावरची पोरं हसायची,
'भाऊ, अमेरिकेले चालले का?'
चोवीस वर्षं एकाच गेटातून आत जाणारा माणूस,
त्याले कागद कायले?
भाऊ चिडत नसत.
'कापूस आल्यावर रोलर घासत नाई रे कोणी.
भादव्यात घासा लागते,
आवारात गंजी नसते तवा.'

जिनिंग विकली गेली ती ऐन हंगामात,
संक्रांतीनंतरच्या मंगळवारी.
गेटवर नोटीस लागली, चार ओळींची.
सोमवारी संध्याकाळी ती मीच टाईप केली होती.
जोडाक्षरं तपासली,
वीस रुपये घेतले,
आणि घरी जाऊन कोणाला बोलले नाही.

मंगळवारी दुपारी दुकानाबाहेर चपलाच चपला.
हिंगणघाटहून माणसं निवडायला उद्या कोणी येणार होतं,
बायोडाटा आजच पाहिजे, प्रत्येकाला.
'कामाला कधी लागलात?'
'लई दिवस झाले.'
'साल?'
'बाबा होता तवा.'
'काम काय करता?'
'जे सांगन ते.'
कर्सर लुकलुकत राहिला.
मग लाईन गेली.
इन्व्हर्टर चाळीस मिनिटांचा, मागे तीसेक माणसं.

भाऊ आले तेव्हा त्यांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत तयार होता.
एक झेरॉक्स हवी होती फक्त.
त्यांनी गर्दी पाहिली, पिशवी खिळ्याला अडकवली,
स्टूल ओढलं.

'शालिक, तू लागला तवा प्रेसचा पाया खोदणं चालू होतं.
दोन हजार अकरा. दिवाळीच्या आधी.
इंदूबाई, तुमी आल्या त्या साली सरकीच्या गोदामाले आग लागली,
बारा पोती बाहेर ओढली तुमी.
लिहा बाई ते.'
'पोती ओढली, हे लिहू?'
'मंग काय, आवड: वाचन, असं लिहिता?'
पहिल्यांदा कोणीतरी हसलं त्या दिवशी.
इंदूबाईंनी पदर सारखा केला,
जणू फोटो काढायचा होता.

लाईन आली, गेली, आली.
रात्री दहाला शेवटचा कागद निघाला, थोडा फिका,
शाई संपत आली होती.
भाऊंची झेरॉक्स राहूनच गेली.

आता ते हिंगणघाटला असतात.
यंदाच्या तान्ह्या पोळ्याला आले,
नातू मोठा झालाय, नंदी धरायला लाजतो.
ओळ वाढवून उठताना विचारलं,
'बाई, तुमची फाईल कोणती?'
मी हसले. माझं काय, दुकान आहे.

रात्री शटर अर्धं ओढून
कोरं पान उघडलं.
नाव: कल्पना डोर्लीकर. शिक्षण. टायपिंग, मराठी तीस, इंग्रजी चाळीस.
अनुभव.
दुकान कोणत्या साली सुरू केलं, आठवेना.
नोटिशीची संध्याकाळ तेवढी आठवत होती,
ती कुठल्या रकान्यात जाते?

भाऊंना फोन लावला.
पाठीमागे यंत्रं घरघरत होती.
'भोंगा बिघडला होता त्या साली,' ते ओरडून म्हणाले,
'तीन दिवस गाव उशिरा उठलं.
चौथ्या दिवशी तुमी शटर उघडलं, पयलं गिऱ्हाईक मी.
भोंग्याच्या पार्टाचं बिल, एक झेरॉक्स.
दोन हजार तेरा. लिहा.'